गाळलेला तिसरा प्रश्न

४ सप्टेंबर

मावशी,

काल सभागृहात जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. मुलाखतकाराने तुझ्या नेहमीच्या अटीप्रमाणे दहा प्रश्न आधी लिहून पाठवले होते. तू दहा उत्तरं पाठ केली होतीस.

२. दरवेळी आई पहिल्या रांगेत बसते आणि गुडघ्यावर बोटं ठेवून तुला प्रश्नाचा क्रमांक दाखवते. काल ती नव्हती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

३. मुलाखतकाराने माईक तोंडासमोर धरला होता. दिवा त्याच्या पाठीमागे होता. तुला त्याचे ओठ दिसत नव्हते.

४. कार्यक्रम उशिरा सुरू झाल्यामुळे त्याने तिसरा प्रश्न गाळला.

५. तू तिसरं उत्तर चौथ्या प्रश्नाला दिलंस. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एक घर सरकलं.

६. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

७. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्या माहितीसाठी, जे ऐकू आलं ते असं. त्याने विचारलं, "तुमच्या कादंबऱ्यांतल्या आया इतक्या कठोर का असतात?" तू म्हणालीस, "बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नाही." त्याने तुझ्या बरोबरीच्या लेखिकांबद्दल विचारलं. तू म्हणालीस, "त्या कठोर नाहीत, घाईत असतात." इथे मोठा हशा झाला. मग, स्वतःच्या जुन्या कादंबऱ्या आता कशा वाटतात? "चांगल्या आहेत. दुरून जास्त चांगल्या." वाचक अचानक दाराशी आले तर? "उघडत नाही. आत कोण सापडेल याची धास्ती वाटते." माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

दहावं उत्तर उरलं. दहावा प्रश्न होता, कुणाचे आभार मानाल. उत्तर आईबद्दलचं होतं, हे तिला माहीत आहे, कारण पाठ तिनेच करून घेतलं होतं. घरी गेल्यावर डोळ्यावरची पट्टी सांभाळत तिने विचारलं, "माझं नाव घेतलं का गं?" मी म्हटलं, वेळ संपला.

आणखी एक. तुझ्या कानात मी दिलेलं यंत्र होतं. मंचामागे तुला शाल देताना मी ते काढून पाहिलं. आतल्या सेलवरची नारिंगी पट्टी तशीच होती. ती पट्टी सोलल्याशिवाय सेल चालूच होत नाही. म्हणजे ते यंत्र तू माझ्यासाठी घालतेस, कानासाठी नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र. आमच्या श्रवण केंद्रात ये. कानाची पुन्हा तपासणी करू.

तुझी भाची


११ सप्टेंबर

प्रिय काटकोन,

पत्र आहे की पंचनामा? सात कलमं! आरोपी हजर आहे, गुन्हा कबूल नाही.

अगं, तुला कळतंय का काय झालं ते? इतकी वर्षं मी विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं देत आले आणि लोक जांभया देत आले. त्या दिवशी पहिल्यांदा एक घर चुकलं आणि मी थोर झाले. वर्तमानपत्रात आलंय, "प्रश्नाच्या पलीकडे उत्तर देणारी लेखिका". कात्रण सोबत आहे. शेजारच्या बाईंचे डोळे पुसले गेले यात माझा काय दोष?

ताईचं मात्र लागलं मला. तिला सांग, उत्तर शिळं होत नाही, मी येऊन देईन.

यंत्राचं म्हणशील तर त्यात जेवताना माझ्याच दातांचा आवाज दगड फोडल्यासारखा येतो आणि माणसं तशीच पुटपुटतात. म्हणून पट्टी ठेवते. तू बघायला आलीस की कानात घालते. भाचीचं मन राखणं हा काही गुन्हा नाही.

आता मुद्द्याचं. माझं चरित्र लिहिणारे गृहस्थ तुला भेटतील. मी त्यांना टाचणी म्हणते, कारण ते माणसाला फुलपाखरासारखं टोचून फळीवर लावतात आणि खाली नाव लिहितात. त्यांच्याकडे माणसांचे सोळा प्रकार आहेत. मला एक चाचणी भरायला लावली. गर्दीत थकवा येतो का? हो. लोक बोलत असताना मन भरकटतं का? हो. फोन टाळता का? हो. समारंभात कोपरा गाठता का? हो, हो आणि हो. निकाल आला: अंतर्मुख, चिंतनशील, एकांतप्रिय. मला तर आवडला बाई.

तू त्यांना काही सांगायचं नाही. माणसाला स्वभाव असला की लोक हळू बोलतात. आजार असला की ओरडून बोलतात. गूढ बाईला लोक दारापर्यंत सोडायला येतात, बहिऱ्या बाईला हाताला धरून रस्ता ओलांडवतात. मी गूढ राहीन म्हणते. कानाला खडा लाव.

तुझी,
मावशी


२० सप्टेंबर

माननीय महोदया,

आपल्या मावशींच्या चरित्राचे लेखन अंतिम टप्प्यात आहे. 'स्वभाव' हे प्रकरण या ग्रंथाचा कणा असल्याने, जवळच्या आप्त म्हणून आपणास तसदी देत आहे.

माझी निरीक्षणे अशी. बाई समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता ओठांकडे पाहतात. हा आदिम संकोच होय. त्या नेहमी भिंतीला पाठ लावून बसतात; ही जगाविषयीची सावधता. प्रश्न विचारल्यावर त्या क्षणभर थांबतात, हसतात, आणि मग पुष्कळदा भलत्याच विषयावर बोलू लागतात. परवाच्या मुलाखतीत या शैलीने शिखर गाठले. मी तिला 'तिरकस उत्तरांची शैली' असे नाव दिले आहे.

कलाकृतींतही हाच प्रवास दिसतो. आरंभीच्या कादंबऱ्या गजबजलेल्या आहेत, उत्तरोत्तर त्या मौनाकडे जातात. लेखिकेचा स्वभावच हळूहळू शैली होत गेला, असा माझा निष्कर्ष आहे.

आपणही अत्यंत मितभाषी आहात असे ऐकतो. अलिप्तता घराण्यातच असावी काय? दोन ओळी लिहून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
चरित्रकार


२ ऑक्टोबर

मावशी,

चरित्रकार केंद्रात येऊन गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "लहानपणी बाई तुमच्याशी कशा वागायच्या?" मी म्हटलं, "चांगल्या." ते म्हणाले, "वा! हेच ते. एका शब्दात!" आणि लिहून घेतलं.

त्यांच्या चाचणीतले जे प्रश्न तू मला कळवलेस, ते चारही आमच्या केंद्रात पहिल्या तपासणीच्या कागदावर आहेत. जवळजवळ त्याच शब्दांत. आमच्याकडे उत्तर हो आलं की आम्ही कान तपासतो. ते स्वभाव लिहितात.

त्यांच्या पत्रात एक वाक्य होतं, की तुझ्या कादंबऱ्या हळूहळू मौनाकडे जातात. मला ते तपासून पाहावंसं वाटलं. सातही कादंबऱ्या ओळीने पुन्हा वाचल्या. कोण बोलतं आणि कसले आवाज येतात, एवढंच पाहिलं.

पहिल्या दोन कादंबऱ्यांत मुलं सारखी बोलतात. पक्षी आहेत, किटलीची शिट्टी आहे, बांगड्या आहेत. तिसरीत मुलं आहेत, पण ती फक्त धावतात. पक्षी नाहीत, आणि पुढे कधीच परत येत नाहीत. चौथीत बायका वाक्यं अर्धवट सोडतात. समीक्षक याला दबलेला स्त्रीस्वर म्हणतात. पाचवीत आणि सहावीत फक्त जाड आवाजाचे पुरुष बोलतात: वकील, ट्रकवाला, मामंजी. आवाज उरतात ते दार आपटल्याचे, जिन्याचे, ट्रकचे. सातवीत कुणी बोलत नाही. सातवीला मोठा पुरस्कार मिळाला.

आतल्या नसेचं बहिरेपण असंच येतं. आधी बारीक, उंच आवाज जातात: पक्षी, मुलं. मग बायका. जाड आवाज शेवटी. तुझ्या कादंबऱ्यांवरून मी एक आलेख काढला. त्याच्या खाली तुझ्या कानांच्या तपासण्यांचा आलेख ठेवला. दोन्ही सोबत पाठवते आहे. रेघा जवळजवळ एकच आहेत.

मुलाखतकाराने जो प्रश्न गाळला तो हा होता: "सुरुवातीला तुमची माणसं खूप बोलतात, पुढे गप्प होत जातात. असं का?" तू उत्तर पाठ केलं होतंस की बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नाही. ते उत्तर चूक आहे. ती बोलत असणार. तुला ऐकू येत नव्हतं.

आता पुढचं. साधं यंत्र आता तुला पुरणार नाही. दाताच्या आवाजाची तुझी तक्रार खरी आहे, मी ती गेल्या वेळी गांभीर्याने घेतली नाही. उपाय ऑपरेशनचा आहे. कानाच्या आत एक बारीक तार बसवतात, ती सरळ नसेला संदेश देते. ऐकणं जितकी वर्षं बंद राहतं तितका मेंदू ते विसरत जातो, म्हणून उशिरा केलं की फायदा कमी. डॉक्टर हो म्हणतात. माहितीपत्रक सोबत आहे. ते मीच लिहिलं आहे. त्यात काही लपवलेलं नाही.

तू नुसतं हो म्हणायचं आहे.

भाची


६ ऑक्टोबर

काटकोन,

आलेख मिळाला.

फाडणार होते. तुझ्या रेघा इतक्या सरळ की फाडवेना. ड्रॉवरमध्ये उलटा ठेवलाय.

सातवी कादंबरी लिहायला मला किती वर्षं लागली हे तू पाहिलंयस. एकेक शब्द काढून टाकला मी त्यातला. मला वाटत होतं, मी काढतेय. तू म्हणतेस, मुळात आलेच नव्हते. कानामागून आलीस आणि तिखट झालीस, दुसरं काय म्हणू!

टाचणी निदान जिवंत फुलपाखराला टोचतात. तू मेलेलं समजून चिरलंस.

काही दिवस लिहू नकोस.

मावशी


१६ ऑक्टोबर

मावशी,

तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून हे पत्र आलेखाबद्दल नाही.

डॉक्टर विचारत आहेत. त्यांच्याकडे डिसेंबरमधली एक जागा आहे. तू नाही म्हणालीस तर ती दुसऱ्या कुणाला देतील. त्यानंतर ते परदेशी जाणार आहेत आणि कधी परततील ते सांगत नाहीत. दुसरं रुग्णालय आहे, पण तिथे रांग फार मोठी आहे.

मी त्यांना सांगितलं, विचार चालू आहे. हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

भाची


२९ ऑक्टोबर

प्रिय काटकोन,

ताई आली होती. नव्या डोळ्याने मला फाटकातूनच बघितलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली (ओठ वाचले मी, तिचे मला लांबूनही वाचता येतात), "अगं बाई! तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या? मला कुणी सांगितलंच नाही!" म्हटलं, "तुला दिसत नव्हतं, मला ऐकू येत नव्हतं, म्हणून तर आपलं इतकी वर्षं जमलं."

मग मी तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, समोर उभी राहिले आणि दहावं उत्तर दिलं. सगळं, पाठ केलं होतं तसंच. ऐकून म्हणाली, "एवढंच? एवढ्यासाठी मी माझी बोटं झिजवली?" आणि चहा टाकायला उठली. पाठ फिरवून बराच वेळ साखर शोधत होती. साखर समोरच होती.

तिने तुझ्याबद्दलही सांगितलं. तू जेवत नाहीस, दारं आपटतेस. दारं आपटतेस हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे तू अजून आवाज करतेस.

आता मी तुला जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते, कारण तू ते आलेखात घालशील याची खात्री असली तरी तू ते टाचणींना देणार नाहीस, याचीही आहे.

मी आठवी कादंबरी लिहितेय. तिच्यात एक मुलगी आहे आणि ती बोलते. सारखी बोलते. शाळेतून येते, दप्तर टाकते आणि बूट काढता काढता सुरू होते. बाईंनी कुणाला उठवलं, कुणाच्या डब्यात काय होतं, गोगलगायीला पाय असतात का, नसतील तर ती थकते कशी. मला ती ऐकू येते. बाहेर ट्रक गेला तरी कळत नाही मला, पण ही पोरगी स्पष्ट ऐकू येते.

तो आवाज तुझा आहे. तुझी आई नोकरीवर असायची आणि तू शाळेतून माझ्याकडे यायचीस. माझ्या कानात नीट पोहोचलेला तो शेवटचा लहान मुलाचा आवाज. तुझा मोठेपणीचा आवाज मला माहीत नाही. केंद्रात माझ्यासमोर बसून बोलतेस, तेव्हा तुझे ओठ हलतात आणि आत मी त्या पोरीचा आवाज लावते. कान तपासणाऱ्या बाईच्या तोंडी दुधाच्या दातांचा आवाज! हसू येतं कधीकधी. तुला वाटतं, मी तुझं गांभीर्याने घेत नाही.

तुझं माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. त्यात तूच लिहिलंयस, सुरुवातीला सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात, ओळखीची माणसंही ओळखू येत नाहीत. त्या कानात जे थोडंफार उरलंय तेही जाऊ शकतं. मग ती पोरगीही डब्यातून बोलायला लागली तर? तिच्या जागी एक पंचनामा लिहिणारी बाई येऊन बसली तर? मला आवाज एवढा एकच उरलाय, आणि तू म्हणतेस नुसतं हो म्हण.

तुझ्या आलेखात एक गोष्ट नाही. ती पोरगी बोलायची कधी थांबली, आणि का? मी खूप आठवलं. मला वाटलं होतं, वयात आली, मुली होतात तशा गप्प. टाचणींनी लिहिलंय, अलिप्तता घराण्यातच आहे. छापायला जाईल आता. तू सांग, खरं आहे का?

मावशी


५ नोव्हेंबर

मावशी,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. गाळत नाही.

पहिला. त्या मुलीचा आवाज कानात नाही, आठवणीत आहे. कानाच्या ऑपरेशनने आठवण जात नाही. हे मी खात्रीने सांगू शकते. ऑपरेशन एकाच कानाचं होईल, जो जास्त गेला आहे त्याचं. दुसऱ्याला कुणी हात लावणार नाही. डब्यासारखे आवाज काही महिन्यांच्या सरावाने बहुतेकांचे सुधारतात. बहुतेकांचे, सगळ्यांचे नाही. नवे आवाज ऐकू आल्यावर तुझी आठवी कादंबरी कशी होईल, हे मला माहीत नाही आणि त्याची हमी मी देत नाही.

दुसरा. मी शाळेतून येऊन बोलायचे. तू टेबलापाशी खिडकीकडे तोंड करून लिहीत असायचीस. सुरुवातीला वळून उत्तर द्यायचीस. मग कधी द्यायचीस, कधी नाही. मी समजले की मी जे सांगते ते कंटाळवाणं असतं. म्हणून मी आधी मनात गाळायला लागले, मुद्द्याचं तेवढंच सांगायला लागले. त्यालाही तू वळली नाहीस. मग मी तुझ्या पाठीमागे बसून गृहपाठ करायला लागले. गोगलगायीचं उत्तर मला पुस्तकात सापडलं. तेव्हापासून मी पुस्तकात बघते.

चरित्रकार ज्याला घराण्याची अलिप्तता म्हणतात ती ही. मी हे शिक्षण का निवडलं याबद्दल आईचं एक मत आहे. माझं काही मत नाही.

मला राग आला आहे. तुला ऐकू येत नव्हतं याचा नाही. तुला ते माहीत होतं, आईला माहीत होतं, तुम्ही दोघींनी बोटांची खूण बसवली, सभागृहं भरवली, आणि त्याच घरात तुझ्या पाठीशी बसलेल्या मुलीला कुणी सांगितलं नाही, याचा आहे. एक वाक्य पुरलं असतं. मी समोर येऊन बोलले असते.

आलेखाबद्दल तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मोजमाप बरोबर आहे, ते मी मागे घेणार नाही. पण सातवी कादंबरी परवा परत वाचायला घेतली, तपासायला नाही. त्यात एक बाई खिडकीशी बसलेली आहे आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी आहे, हे तिला फरशीच्या हादऱ्यावरून कळतं. ती वळत नाही. वळली तर ओळखता येणार नाही, असं तिला वाटतं. ते पान मी आलेखात शून्य म्हणून धरलं होतं, कारण तिथे कुणी बोलत नाही. ते शून्य नाही. ते कुठे मांडायचं हे मला ठरवता आलेलं नाही.

चरित्राचं तू ठरव. गूढ राहायचं असेल तर राहा, मी तोंड उघडणार नाही. ऐकू यायला लागल्यावरही गूढ राहता येतं. पण त्यांच्या प्रकरणात घराण्याबद्दलचं ते वाक्य आहे, तेवढं काढायला सांग. ते माझ्याबद्दल आहे आणि चूक आहे.

आता ऑपरेशन झालं तर पुढे काय होतं ते लिहिते. जखम भरल्यावर तू केंद्रात येशील. यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याचं काम माझं आहे. छोटी खोली आहे, भिंतींना जाड पडदे आहेत. मी तुझ्यासमोर बसेन. माईक नसेल, दिवा माझ्या तोंडावर असेल. आईला बाहेरच्या बाकावर बसवणार आहे, ती आत आली की सवयीने बोटं दाखवेल. मग मी यंत्र सुरू करेन आणि बोलेन. आवाज डब्यातून येईल आणि तुला ओळखीचा वाटणार नाही. तो माझा आहे.

मी काय बोलणार ते तुला आधी लिहून पाठवणार नाही.

डॉक्टरांना सोमवारी, १७ नोव्हेंबरला सांगायचं आहे. शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत हो की नाही ते कळव.

तुझी भाची